घरच्यांनीच ओळख नाकारली तर?

श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराचं दर्शन घेऊन आलो, साबुदाण्याची खिचडी झाली आणि आम्ही दोघी जावा ‘पाठलाग’ पाहायला बसलो. राजा परांजपे यांचा हा १९६४ सालचा चित्रपट, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. १९६६ मध्ये हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला.

काशिनाथ घाणेकर यात वकील आहेत. बायको डोळ्यांदेखत गेलेली. आणि एक दिवस पोलिसांनी पकडलेली बाई म्हणते, मीच तुमची बायको! चेहरा अगदी तोच (भूमिका भावना यांची). घरातल्या खाजगी गोष्टी ती भर कोर्टात सांगते, तरी नवऱ्याचा विश्वास बसत नाही.

लोक रहस्यासाठी पाहतात. शेवट मी सांगत नाही. माझा जीव मात्र त्या बाईसाठी कासावीस झाला. लग्नानंतर आपलं नाव बदलतं, गाव बदलतं. आपण कोण, हे सांगणारं हक्काचं माणूस एकच, आणि तेच म्हणतंय, ‘मी हिला ओळखत नाही.’ मग बाईनं जायचं कुठं?

जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हातावरचं गोंदण असतं की ओळखीला!” त्यांच्या हातावर आहे. माझ्या हातावर काहीच गोंदलेलं नाही.