पोर्ट्रेट्सचा वैताग आलाय, यार!

अप्रेझलनंतर 'सगळं सोडून गावाला जावं' असं वाटतं? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका स्टार चित्रकारालाही अगदी हेच वाटलं होतं. त्याने मित्राला तसं पत्रही लिहिलं... आणि पुन्हा कामाला लागला!

माझ्या मेलबॉक्सच्या ड्राफ्ट्समध्ये एक राजीनामा पडून आहे. झाली की पाच-सहा वर्षं! दर एप्रिलमध्ये अप्रेझलचं पत्र हातात पडलं की मी तो उघडते, दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे करते आणि गुपचूप बंद करते. मग कॉलेजच्या मैत्रिणीला लांबलचक मेल टाकते. मजकूर ठरलेला. 'बास झालं आता. मी कोकणात येते. तुझ्यासारखी चित्रं काढीन, मासे खाईन, मजेत राहीन.' ही मैत्रीण पुण्यातली नोकरी सोडून कधीच चिपळूणला गेली. तिथे मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते.

यंदा तिचं उत्तर आलं, एका ओळीचं. 'अगं, हे तर गेन्सबरोने आधीच लिहून ठेवलंय!'

आता हा कोण बाबा? शोधत बसले आणि रात्रीचे दोन वाजले.

नाव, पैसा आणि कंटाळा

थॉमस गेन्सबरो. जन्म 1727, सफोकमधल्या सडबरी गावात. लहानपणापासून वेड झाडांचं, वाटांचं, ढगांचं. पण झाडं काही पैसे देत नाहीत. पैसे देतात माणसं, आणि त्यांना हवा असतो स्वतःचा चेहरा! 1759 मध्ये तो बायको आणि दोन मुलींना घेऊन बाथला राहायला गेला. बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं शहर. सीझनला सगळी श्रीमंत मंडळी तिथे हजर. अंघोळी, पार्ट्या, पत्ते आणि जमलं तर एखादं पोर्ट्रेट. गेन्सबरोचं दुकान जोरात चाललं. 1768 मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत त्याचं नाव होतं. जगप्रसिद्ध 'ब्लू बॉय' त्याचाच, साधारण 1770 चा.

थोडक्यात, आपल्या भाषेत सांगायचं तर पॅकेज झकास, डेसिग्नेशन झकास. आणि त्याच काळात हा पठ्ठ्या मित्राला लिहितोय, की मला पोर्ट्रेट्सचा उबग आलाय!

हा मित्र म्हणजे एक्सेटरचा संगीतकार विल्यम जॅक्सन. 4 जूनच्या त्या पत्रात गेन्सबरो म्हणतो, वाटतं की आपली व्हायोला द गाम्बा उचलावी आणि एखाद्या छानशा खेड्यात निघून जावं. तिथे निसर्गचित्रं काढावीत, उरलेलं आयुष्य शांतपणे घालवावं. (व्हायोला द गाम्बा म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य.) मग लगेच गाडी घरावर येते. मुलींचे चहापान, नाच, नवरे शोधणं या सगळ्यात माझी शेवटची दहा वर्षं जाणार, आणि एवढं करून त्यांना नवरे मिळतील की नाही कोण जाणे! आपण आपले जुंपलेल्या घोड्यासारखे, गळ्यातल्या घंटांची किणकिण ऐकत ठरलेल्या वाटेने चालायचं. बाकीचे मात्र मागे गाडीत गवतावर पाय पसरून हिरवी झाडं आणि निळं आकाश बघणार.

आणि शेवटी स्वतःचीच समजूत. माझ्याकडे पाच गाम्बा आहेत, त्यातल्या तीन जेयच्या आणि दोन बाराक नॉर्मनच्या! पगार झाल्यावर नवे हेडफोन मागवणारे आपण, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला हवं का?

टेबलावरचं जंगल

त्याच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज'कडे एकदा नीट बघा. नवरा-बायको डाव्या कोपऱ्यात, आणि अर्ध्याहून जास्त कॅनव्हासवर शेत आणि आकाश! पैसे चेहऱ्यांचे, मजा शेताची. पुढे 1774 मध्ये तो लंडनला गेला, राजाराणीची पोर्ट्रेट्स केली. पण निसर्गचित्रं सोडली नाहीत. टेबलावर दगडांचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती आणि आरशाच्या काचा मांडून तो छोटंसं रान उभं करायचा. हे सांगितलंय त्याचा मोठा प्रतिस्पर्धी जोशुआ रेनॉल्ड्सने. खेड्यात जाता येत नाही ना, मग खेडंच टेबलावर! मॉनिटरशेजारी मनी प्लांट ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

ते खेडं मात्र राहूनच गेलं. 1788 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी तो लंडनमध्येच गेला. मुलींची काळजीही खरी ठरली. मोठीने 1780 मध्ये एका वादकाशी लग्न केलं, ते काही महिन्यांतच मोडलं. धाकटीने लग्न केलंच नाही.

आणि जॅक्सनचं काय?

इथवर वाचून मी खूश होते. बघा, मोठ्या माणसांचंही हेच असतं! मग जॅक्सनबद्दल वाचलं. ज्याच्याकडे हा संगीताची स्वप्नं सांगत होता, तो संगीतकार चक्क निसर्गचित्रं काढत होता! 1771 मध्ये त्याची चित्रं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनातही लागली. दोघांनाही दुसऱ्याचा डोंगर साजरा. मित्र गेल्यावर दहा वर्षांनी, 1798 मध्ये जॅक्सनने त्याच्याबद्दल लिहिलं, तेही प्रेमाने आणि हातचं न राखता. कान होता, प्रतिभा होती, म्हणे, पण स्वर शिकण्याइतकी चिकाटी त्याने कधी दाखवली नाही. इतकं खरं लिहायला मित्राकडे नीट बघितलेलं असावं लागतं.

इथे मी थबकले. जुने मेल उघडले. जुलै 2021. चिपळुणात पूर आला होता. मैत्रिणीच्या खालच्या खोलीतले सगळे कागद, रंग, मुलांची चित्रं चिखलात गेली होती. मी त्या आठवड्यात तिला दोन मेल टाकले होते. पहिल्यात 'सेफ आहेस ना?' एवढंच. दुसरा तीन पानी, माझ्या बॉसवर.

सकाळी फोन केला. म्हटलं, ''तू कशी आहेस, ते सांग आधी.'' ती हसली. मग बराच वेळ बोलत राहिली. फिया वेळेवर येत नाहीत. पावसाळ्यात मुलं येत नाहीत. वर्षभरात स्वतःचं एकही चित्र झालेलं नाही. ''खरं सांगू? एक तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज यायचा ना, त्याची जाम आठवण येते गं!''

1783 मध्ये, पंचावन्न उलटलेला गेन्सबरो सॅम्युअल किल्डरबी या जुन्या मित्राबरोबर लेक डिस्ट्रिक्टला डोंगर आणि तळी बघायला गेला होता. नोकरीधंदा सोडून नव्हे, चार दिवस सुट्टी काढून.

मी तेवढं करतेय. राजीनाम्याचा ड्राफ्ट आहे तिथेच आहे. पण पुढच्या शुक्रवारची रजा टाकलीय, चिपळूणचं तिकीट काढलंय, आणि बॅगेत दोन कोरी ड्रॉइंग पॅड्स आहेत. एक तिच्यासाठी. तिने बजावलंय, ''ये, पण बॉसचं नाव काढलंस तर मासे मिळणार नाहीत!''