आधी वाट, मग खुर्ची

चाळीसगावकडे लग्नाचा मांडव आधी जमिनीवर उभा राहतो. मोकळ्या वावरात नाहीतर शाळेच्या मैदानावर बिछायत केंद्राची पोरं चुन्याची फक्की, सुतळीचा गुंडा आणि लोखंडी खुंट्या घेऊन उतरतात. पाईप, पडदे, सतरंज्या, खुर्च्यांच्या थप्प्या अजून टेम्पोतच असतात. जाणता मंडपवाला पहिली रेघ स्टेजची मारत नाही. वऱ्हाड कुठून आत येणार, स्वयंपाकाकडून वाढपी कुठून येणार, टँकर कुठवर येईल, गाड्या कुठे लागतील, हे तो यजमानाला खोदून विचारतो आणि त्या वाटा आखून घेतो. टेबलं-खुर्च्या उरलेल्या जागेत. या धंद्याचं खरं कसब मला त्या मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यांत दिसतं. लग्नाच्या अल्बममध्ये झालर येते, कमान येते, दाराशी बांधलेले केळीचे खांब येतात. वाटेचा फोटो कुणी काढत नाही.

खान्देशातली लग्नं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे दाटतात, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा 44 अंशांच्या घरात असताना. चाळीसगाव साधारण साडेवीस अक्षांशावर आहे. त्यामुळे 20 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि छताची सावली बरोबर छताखाली पडते. गोरज मुहूर्ताला मात्र तोच सूर्य पश्चिमेकडून, थोडा वायव्येला सरकून, तिरपा आत घुसतो. छताची सावली पूर्वेकडे सरकत मांडवाबाहेर निघून जाते आणि पाहुणे छताखाली असूनही उन्हात बसतात. म्हणून रस्त्याची सोय असेल तर स्टेज पश्चिमेच्या टोकाला घ्यावं. त्याचा मागचा पडदाच उन्हाला आड येतो. उन्हाळ्यातला इथला वाराही बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा आचाऱ्याच्या भट्ट्या पूर्वेला लावल्या तर धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जात नाही. कूलर स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या फटींत, तोंड आत करून ठेवायचे आणि समोरची कनात उघडी सोडायची. चारही बाजू बंद करून कूलर लावले तर तासाभरात आत नुसती दमट वाफ कोंडते. एवढा विचार कशाला, असं कुणी म्हणालं तर 16 एप्रिल 2023 चं खारघर आठवावं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या गर्दीतली 14 माणसं उष्माघाताने गेली.

मग काटकोन. मांडव गुण्यात नसला की पाईप जुळत नाहीत, छताचं कापड एका कोपऱ्यात ताणतं आणि दुसऱ्यात लोंबतं. मैदानावर गुण्या सुतळीनेच काढतात: एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि दोन टोकांमधलं तिरपं अंतर पाच भरलं की कोपरा काटकोनात. मोठ्या मांडवाला याचीच चौपट घ्यायची, म्हणजे बारा, सोळा, वीस.

हे आकडे चाळीसगावच्या मातीत फार जुने आहेत. तालुक्यातल्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगरापाशी, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. 1207 सालचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमाराच्या ग्रंथात, वाऱ्याने मोडलेल्या बांबूचं एक उदाहरण आहे. बांबू 32 हातांचा. त्याचं टोक बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर 12 हात. वरचा तुकडा उरतो 20 हातांचा. बारा, सोळा, वीस! वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्यात मांडवाचा खांब वाकताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे गणित वहीतलं वाटणार नाही. शाळेत पायथागोरस शिकवताना इथल्या शिक्षकांनी पोरांना मांडवाच्या आखणीला घेऊन जावं, असं मला मनापासून वाटतं.

खुर्च्यांचा हिशोब त्यामानाने सरळ. हाताची प्लॅस्टिक खुर्ची सुमारे दोन फूट अडवते. गुडघ्यांना जागा धरली की ओळीपासून ओळ तीन फूट. म्हणजे माणशी सहा चौरस फूट, हजार माणसांना सहा हजार. मात्र आडव्या-उभ्या वाटा सोडल्या की हा आकडा आठ हजारांवर जातो, आणि इथेच यजमानाची आणि मंडपवाल्याची ओढाताण सुरू होते.

“भाऊ, मधल्या वाटेत अजून दोनशे खुर्च्या बसतीन ना?”

“बसतीन, आप्पा. पन मानसं उठतीन कशी?”

अशा वेळी आप्पांचा मान राखूनही वाट न सोडणारा मंडपवाला मला या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस वाटतो. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या शामियान्याला आग लागली. वर कृत्रिम धाग्याचं कापड होतं आणि एवढ्या गर्दीला बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. काही मिनिटांत चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आय. एस. 8758 हे मानक आहे. छत तीन मीटरपेक्षा ठेंगणं नको, विजेच्या चालू तारांखाली मांडव नको, कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर नको, असं त्यात सांगितलंय. गावोगावच्या मांडवांवर आज कुठलं कापड चमकतं, ते आपण सगळे बघतो.

खान्देशाने लग्नाच्या मांडवाहून कितीतरी मोठी आखणी एकदा करून दाखवली आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांच्या कल्पनेतून बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानाचं ‘टिळकनगर’ उभं राहिलं. सभेची जागा, खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन, पाहुण्यांचा मुक्काम असं अख्खं गावच मांडायचं होतं.

लग्नाच्या मांडवात मात्र सर्वांत जास्त बदललंय ते जेवण. पळसाच्या पत्रावळींची पंगत होती तेव्हा नकाशा पंगतच ठरवायची. मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट लागतात, म्हणजे शंभर फुटांच्या पट्टीवर पन्नास पानं. दोन ओळी समोरासमोर आणि मध्ये पाच-सहा फुटांची वाट. त्या वाटेने बादली-ओगराळं घेतलेले दोन वाढपी एकमेकांना धक्का न लावता गेले पाहिजेत. बफेने हे उलटं केलं. आता वाढपी जागेवर उभा असतो आणि पाहुणा हिंडतो. ताट भरायला माणशी पंधरा सेकंद धरले तर एका रांगेतून मिनिटाला चार माणसं पुढे जातात. मंगलाष्टकं संपताच हजार माणसं एकदम वळतात. दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी चार काउंटर असली, तर मिनिटाला बत्तीस. शेवटच्या माणसाच्या हातात ताट पडायला अर्धा तास. तीच काउंटर भिंतीला चिकटवून लावली की एक बाजू मेली आणि तासभर रांग. मी अशा रांगांत म्हाताऱ्या माणसांना पदराने वारा घेत उभं राहिलेलं पाहिलंय. फक्त काउंटर चार-पाच फूट पुढे ओढलं असतं तर ते टळलं असतं.

आणि आपलं जेवण वरण-बट्टीचं. बट्टी हाताने कुस्करायची, त्यावर वरण ओतायचं, तूप सोडायचं, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. एका हातात ताट धरून उभ्याने हे जेवण होत नाही. बट्टी कुस्करायला दुसरा हात लागतो आणि ताट टेकायला काहीतरी. तरीही शहरातल्या हॉलचा नकाशा उचलून इथल्या मैदानावर ठेवतात, आणि मग माणसं खुर्चीवर ताट मांडून खाली उकिडवी बसतात. म्हणून मंडपवाल्याने आखणीच्या दिवशीच आचाऱ्याला विचारून घ्यावं. बट्टी असेल तर निम्म्या पाहुण्यांना तरी बसायची जागा काढावी. पाच फुटी गोल टेबलाभोवती आठ-दहा माणसं बसतात. मागे सरकलेली खुर्ची आणि वाढप्याची वाट धरून टेबलाच्या मध्यापासून पुढच्या टेबलाच्या मध्यापर्यंत दहा-अकरा फूट लागतात. त्यापेक्षा लांब, अरुंद टेबलं एका बाजूने मांडली तर त्याच जागेत जास्त माणसं मावतात आणि समोरून वाढता येतं. त्यातली दोन ओळी टेबलं हात धुवायच्या पाण्याजवळ, बाहेरच्या वाटेला लागून, वडीलधाऱ्यांसाठी राखावी. तिथे ताट हातात देऊ नये, बसल्या जागी वाढावं. यासाठी चार वाढपी जास्तीचे लागतील आणि वाटेची एक रेघ जास्तीची.