चतुःसीमेचे कागद व गांवठाणाचा नकाशा

जुन्या दप्तरांचा शोध करणारे आपण लोक सनद, वतनपत्र, महजर, निवाडा असे कागद हातीं आले म्हणजे आनंदानें उतरून घेतों. परंतु त्याच रुमालांत घराचें खरेदीखत, गहाणखत किंवा भावाभावांचें वाटणीपत्र निघालें तर तें बाजूस सारतों. त्यांतून तें १८१८ नंतरचें व स्टांपाच्या कागदावरील असलें, तर त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय हेच टाकाऊ मानलेले कागद होत. गांवची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, कशी मांडली गेली व कशी बदलत गेली, हें सांगणारें दुसरें लेखी साधन बहुतेक खेड्यांत नाहीं.

याचें कारण मोजणीच्या इतिहासांत आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत सुरू झाली, ती साऱ्याकरितां. म्हणून तिनें काळीचें शेत न् शेत मोजलें आणि पांढरी एका रेषेनें वेढून तशीच सोडली. नकाशावर तिच्यावर ‘गांवठाण’ एवढेंच लिहिलेलें असतें. पुढें १९६६ च्या जमीन महसूल कायद्याअन्वयें गांवठाणांची मोजणी होऊं लागली, तीही २००० वर वस्तीच्या गांवांपुरतीच. लहान गांवांची पाळी आली ती विमानयंत्रांच्या काळांत. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला, व २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेनें तीच रीत पुढें इतर राज्यांतही लागू झाली. घरधन्यास मिळकतपत्रिका मिळूं लागली. हें काम उत्तम आहे, यांत वाद नाहीं. मात्र पत्रिका हातीं आल्यावर माळ्यावरचें जुनें गाठोडें निरुपयोगी वाटूं लागतें, आणि रद्दीवाला तर दारींच उभा असतो.

ड्रोनला छपरें दिसतात. छपरें अशीं कां बसलीं, हें दिसत नाहीं. तें कागदांत असतें. समजा, एका खतांत घराच्या पश्चिमेस बोळ लिहिली आहे आणि पलीकडील घराच्या खतांत पूर्वेस तीच बोळ आहे. पन्नास वर्षांनंतरच्या दुसऱ्या खतांत त्याच पलीकडील घराच्या पूर्वेस बोळ नसून शेजाऱ्याची भिंत आहे. बोळ केव्हां बुजली, हें या तीन कागदांवरून बऱ्याच निश्चितपणें ठरतें. कित्येक खतांत पागोळ्या कोणाच्या अंगणांत पडाव्या, भिंत सामायिक कीं एकट्याची, मोरीचें पाणी कोणीकडून जावें, हेंही नमूद असतें. ज्यास आज गांवांत गटार किंवा रस्ता काढावयाचा आहे, त्यास याहून उपयुक्त माहिती कोणती? पाणी जुन्या बोळीची वाट शोधतेंच, मग वर भिंत असो वा दुकान.

अशीं खतें एकास एक जोडीत गेल्यास गल्लीची गल्ली उभी राहते. अडचण मापाची आहे. घरें खणांनीं मोजलेलीं असतात, आणि खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. तें तुळईसाठीं मिळालेल्या लांकडाप्रमाणें कमीजास्त होतें. सबब खणांचे हात करून नकाशा काढण्याची घाई करूं नये. आधीं कोण कोणाचा शेजारी, हें ठरवावें, माप मागाहून. पुण्यांतील पेठांची गोष्ट निराळी. शुक्रवार पेठेसारखी वस्ती जिवाजीपंत खासगीवाल्यांनीं १७३४ त योजनेनें वसविली. खेड्याची पांढरी कोणीं एका दिवशीं वसविलेली नसते. ती साठत जाते.

काळीच्या बाबतींत अशा कागदांचें काय होऊं शकतें, हें हॅरोल्ड मॅन यांनीं दाखविलें आहे. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची त्यांची पाहणी १९१७ त प्रसिद्ध झाली. १७७१ त सरासरी धारण ४० एकर होती, ती १८१८ त १७॥ व १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. शेतीच्या धोरणाची चर्चा पुढें त्या आंकड्यांखेरीज झाली नाहीं. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) ग्रंथानें वस्तींतील माणसांचे व्यवहार उलगडले. घरांच्या मांडणीचें काम मात्र मागें पडलें.

आंबेगांव तालुक्यास तर या गोष्टीची निकड विशेष आहे. ज्या गांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. बुडालेल्या पांढरीवर ड्रोन फिरवून कांहीं मिळावयाचें नाहीं. तेथून उठलेल्या कुटुंबांपाशीं जीं खतें असतील, तोच त्या गांवाचा नकाशा.

तालुक्याच्या पूर्वेकडील लोणीची स्थिति उलट आहे. तेथें गांव जागेवर आहे, तोटा पाण्याचा. अशा अवर्षणाच्या पट्ट्यांत चतुःसीमेंत येणारा प्रत्येक आड, विहीर व ओढा टिपून ठेवण्याजोगा आहे. बुजलेला आड कोठें होता, हें खतावरून कळलें तर ती केवळ इतिहासाची हौस राहत नाहीं. मात्र येथें एक सावधगिरी हवी. काळभोर, कंद, भापकर, देवकर अशा अनेक लोण्या एकट्या पुणें जिल्ह्यांतच आहेत, आणि खतांत पुष्कळदां नुसतें ‘मौजे लोणी’ असतें. तर्फ व प्रांत दिला असल्यास प्रश्न नाहीं. नसल्यास पाटील-कुलकर्ण्यांचीं आडनांवें व साक्षीदारांचे गांव पाहावे. साक्षी बहुधा लगतच्या गांवचे असतात, व धामणीचे साक्षीदार आढळल्यास लोणी आंबेगांवची धरण्यास हरकत नाहीं.

नक्कल घेणारानें मायन्यावरून थेट तिथीवर उडी न मारतां चारही सीमा, साक्षी व लेखकाचें नांव पूर्ण उतरावें, आणि कागद ज्या घरांत सांपडला त्याचा आजचा मिळकतक्रमांक नकलेच्या माथ्यावर लिहावा. मूळ कागद घरधन्याकडेच राहूं द्यावा.