दूरध्वनीची जोडणी कोठे व्हावी? : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

कारखान्यातील एका विभागातून दुसऱ्या विभागास दूरध्वनी केला असता ती जोडणी कोठे होते, या प्रश्नास आज दोन उत्तरे संभवतात. एका पद्धतीत जोडणी करणारी आज्ञावली आवारातीलच संगणकावर चालते. दुसरीत ती सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दूरस्थ केंद्रात असते व ग्राहक मासिक शुल्क भरून तिचा उपयोग करतो. ही दुसरी कल्पना वाटते तितकी नवी नव्हे. सार्वजनिक एक्स्चेंजमधूनच खासगी कार्यालयास अंतर्गत क्रमांक देण्याची ‘सेंट्रेक्स’ पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकातच रूढ होऊ लागली होती.

या दोहोंची तुलना बहुधा खर्चाच्या अंगाने केली जाते. महाडसारख्या ठिकाणी मात्र पावसाचा विचार आधी करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने शहर पाण्याखाली गेले, वीज व मोबाइल सेवा खंडित झाली; त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी तळमजल्यावरील यंत्र बुडाले की आवारातील व्यवस्था संपलीच. दूरस्थ केंद्र शाबूत राहते. बाहेरून आलेला दूरध्वनी पुण्याच्या वा मुंबईच्या कार्यालयाकडे वळविता येतो, आणि चौकशी करणाऱ्या आप्तास निदान कोणी तरी उत्तर देते.

परंतु दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बाहेरचा मार्ग तुटला की आवारातील दोन माणसांचेही बोलणे थांबते; कारण शेजारच्या शेडला केलेल्या दूरध्वनीची आज्ञादेखील परगावी जाऊन परत येत असते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. वायुगळतीची सूचना अशा फेऱ्यावर सोपविणे प्रस्तुत लेखकास मान्य होण्यासारखे नाही.

विजेचाही विचार केला पाहिजे. जुन्या एक्स्चेंजची तांब्याची तार आवाजाबरोबर ४८ व्होल्टचा वीजपुरवठाही आणीत असे. म्हणून घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चाले. इंटरनेटवरील दूरध्वनीस ती सोय नाही, मग पद्धत कोणतीही असो. वहनक्षमतेची अडचण त्यामानाने किरकोळ : वीस संभाषणांस दोन मेगाबिटही लागत नाहीत.

मार्ग दोन असावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मात्र दोन्ही केबली एकाच पुलावरून जात असतील तर त्यांना दोन म्हणणे व्यर्थ होय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, हे येथे आठवावे. मोबाइल मनोऱ्यावर विसंबलेला दुसरा मार्गही २०२१ च्या पुरात कामी आला नसता. तेव्हा बाहेरील व्यवहार दूरस्थ केंद्राकडे द्यावा. अंतर्गत व आणीबाणीच्या जोडण्यांपुरते एक लहान यंत्र मात्र आवारातच, बॅटरीसह, पुराच्या रेषेहून उंच मजल्यावर ठेवावे.