मोना लिसासमोर किती वेळ?

पॅरिस पाहून आलेल्या माणसाला मोना लिसा कशी वाटली असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: 'अगदीच लहान आहे हो!' जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्राबद्दलची ही सर्वांत प्रसिद्ध तक्रार. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. फ्लॉरेन्समधल्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या बायकोचे, घरात लावण्यासाठी काढायला घेतलेले हे व्यक्तिचित्र. त्या कामाला हे माप अगदी योग्य आहे. म्हणजे चित्र लहान आहे ते आपण मनात घेऊन गेलेल्या चित्राच्या मानाने. पण एवढ्यावर थांबून 'अपेक्षाच जास्त होत्या' असे म्हणणे मला पटत नाही. एखादे जगप्रसिद्ध ठिकाण निराश करते तेव्हा दोष त्या वस्तूचा क्वचितच असतो, पाहणाऱ्याचाही फारसा नसतो. त्या वस्तूला पाहणाऱ्याकडून जे हवे असते, नेमके तेच तिथल्या व्यवस्थेने काढून घेतलेले असते. हे म्हणणे पडताळून पाहायला लिओनार्दो दा विंचीचीच दोन चित्रे पुरेशी आहेत: एक पॅरिसमधले, दुसरे मिलानमधले.

मोना लिसाची कीर्ती आजच्या इतकी आधीपासून नव्हती. लिओनार्दोने १५०३च्या सुमारास हे चित्र सुरू केले, गिऱ्हाइकाला कधी दिलेच नाही, अखेरच्या वर्षांत स्वतःबरोबर फ्रान्सला नेले, आणि तिथून ते राजाच्या संग्रहात गेले. चित्रकार आणि रसिक त्याला मानत, पण रस्त्यावरच्या माणसाला ते माहीत झाले २१ ऑगस्ट १९११नंतर. त्या दिवशी लूव्र संग्रहालयात पूर्वी काम केलेल्या विन्चेन्झो पेरुजा या इटालियन कारागिराने ते भिंतीवरून काढून पळवले. पुढची दोन वर्षे, १९१३च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सला सापडेपर्यंत, चित्र गायब होते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत जगभर छापली जात होती. संग्रहालय पुन्हा उघडल्यावर लोकांनी रांगा लावल्या त्या चित्र जिथे टांगलेले असे ती रिकामी जागा पाहायला. तेव्हापासून लोक त्या भिंतीपाशी पाहायला जातात ते निम्मे चित्र असते आणि निम्मी त्याची ख्याती. ख्याती पाहायला एक क्षण पुरतो. चित्राला पुरत नाही.

का पुरत नाही, हे चित्र कसे रंगवले आहे त्यावरून कळते. चेहऱ्यावर कुठेही ठळक रेषा नाही. ओठांची आणि डोळ्यांची कड सावलीत विरघळून जाते. त्यासाठी लिओनार्दोने पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवले. २०१०मध्ये क्ष-किरणांनी केलेल्या तपासणीत त्यांतले काही थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके पातळ आढळले. अशी कारागिरी जवळून आणि सावकाश पाहायची असते. एका जागी उभे राहावे, नजर ओठांवरून डोळ्यांकडे न्यावी, परत आणावी, तेव्हा ते हसू बदलल्यासारखे वाटते. आता तिथे काय घडते ते पाहा. त्या दालनात दिवसाला सुमारे २० हजार माणसे येतात. संग्रहालय नऊ तास उघडे धरले, तर मिनिटाला ३७ माणसे होतात. चित्र बंदुकीच्या गोळीला दाद न देणाऱ्या काचेमागे, काचेपुढे अर्धवर्तुळाकार कठडा, कठड्यापुढे वर केलेल्या हातांतले फोन. आपल्याकडे दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे उलटे झाले आहे: घरी पुस्तकात पाहताना ती जवळ होती, आणि हजारो मैल जाऊन समोर उभे राहिल्यावर दूर गेली.

मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहातले 'शेवटचे भोजन' हे चित्र खरे तर अधिक निराश करायला हवे होते. त्याची अवस्था फार वाईट आहे. लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवण्याची नेहमीची पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर काम केले, आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १६५२मध्ये मठवासीयांनी त्या भिंतीत दरवाजा काढला, त्यात येशूचे पाय गेले. १९४३च्या ऑगस्टमधल्या बाँबहल्ल्यात भोजनगृहाचे छप्पर आणि एक भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांआड हे चित्र कसेबसे वाचले. वीसएक वर्षे चाललेले दुरुस्तीचे काम १९९९मध्ये संपले तेव्हा मूळ रंग किती थोडा उरला आहे हे स्पष्ट झाले. तरीही हे चित्र पाहणाऱ्याला बरेच काही देते, याचे कारण तिथली साधी शिस्त. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. पस्तीस-चाळीस जणांचा गट एकामागून एक बंद होणाऱ्या दारांमधून, बाहेरची धूळ आणि दमटपणा मागे ठेवत आत सोडतात, आणि पंधरा मिनिटे ती खोली त्या गटाची असते. लूव्रमध्ये एका मिनिटाला जेवढी माणसे, जवळजवळ तेवढीच इथे पंधरा मिनिटांना. शिवाय चित्र ज्या भिंतीसाठी काढले त्याच भिंतीवर आहे. मठातले साधू जिथे मुकाट्याने जेवत, त्या खोलीच्या टोकाला आणखी एक जेवणाची पंगत बसली आहे, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. गर्दीला दोष देणे म्हणजे सामान्य माणसाला दोष देणे. राजाचा खजिना लोकांना पाहता यावा म्हणूनच १७९३मध्ये लूव्रची दारे उघडली, आणि आता आत सोडायच्या माणसांची संख्या कमी केली तर पुन्हा पैसेवाल्यांचेच फावेल. यातली भीती खरी आहे. मिलानची तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, आणि ऐन वेळी पोचलेला माणूस हात हलवत परततो. पण तिथले तिकीट लूव्रच्या तिकिटापेक्षा महाग नाही. तिथे पैशाची नव्हे, वेळेची वाटणी केली आहे, आणि वेळेची वाटणी करण्यात अन्याय नाही. आयुष्यात एकदाच, साठवलेल्या पैशांतून युरोपची टूर करणाऱ्या आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकाला कठड्यापाशी काही सेकंद देऊन पुढे सरकवणे, याला सर्वांसाठी खुले असणे म्हणायचे का? त्याला प्रवेश मिळाला, पाहायला मिळाले नाही.

दुसरा आक्षेप असा की चांगल्या पडद्यावर घरबसल्या अधिक दिसते, मग जायचेच कशाला? बारकावे अधिक दिसतात, हे मान्य. पण गिझाचा मोठा पिरॅमिड घ्या. त्याचे छायाचित्र आपण शाळेपासून पाहतो, आणि तरी पायथ्याशी उभ्या माणसाला सर्वांत खालच्या थराचा एकेक दगड जवळपास छातीपर्यंत येतो तेव्हा सुमारे १३८ मीटर उंची म्हणजे काय ते अंगाला समजते. छायाचित्र आकार पोचवू शकत नाही. ते वेळही पोचवू शकत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उन्हातून आत गेलेल्या डोळ्यांना आधी काळोखच दिसतो; काही मिनिटे थांबले की अंधारातून पद्मपाणी हळूहळू पुढे येतो. हे थांबणे म्हणजेच पाहणे. पिरॅमिड एवढा प्रचंड आहे की गर्दीलाही तो पुरून उरतो. चित्राला मात्र थांबलेला माणूसच लागतो.

जानेवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी लूव्रच्या नूतनीकरणाची घोषणा केली. त्यात मोना लिसाला स्वतंत्र दालन आणि स्वतंत्र तिकीट मिळणार आहे. स्वतंत्र दालनाने रांग नीट लागेल. पण ती रांग मिनिटाला ३७च्याच वेगाने पुढे सरकणार असेल, तर जागा बदलेल, भेट बदलणार नाही. खरा लाभ कदाचित दुसऱ्याच चित्राला होईल. मोना लिसाच्या समोरच्या भिंतीवर पाओलो व्हेरोनेझेचे 'काना गावचे लग्न' आहे, जवळजवळ १० मीटर रुंद, शंभराहून अधिक माणसांनी गजबजलेले, लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र. तेही एका मठाच्या भोजनगृहासाठीच १५६३मध्ये पुरे झाले होते, व्हेनिसमध्ये. १७९७मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते काढून पॅरिसला आणले. आज बहुतेक सारी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. मिलानच्या खोलीतही समोरच्या भिंतीवर असेच एक मोठे चित्र आहे: मोंतोर्फानोने १४९५मध्ये ओल्या गिलाव्यावर रंगवलेला, म्हणून अजून धड असलेला येशूच्या क्रुसाचा देखावा. त्यासाठी तिथे कुणी येत नाही. पण पंधरा मिनिटे हाताशी असली की माणूस एकदा तरी मागे वळतो.