पांढरी पाचचा भुंगा

स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारवर तीन सिंगल-कॉइल पिकअप असतात आणि तिन्हींना एकच खोड असते: तारांबरोबर ते घरातली वीजही ऐकतात. सहा चुंबकी दांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक, लेप दिलेल्या तांब्याच्या वायरचे सात-आठ हजार वेढे, एवढाच या पिकअपचा संसार. चुंबकाजवळची पोलादी तार थरथरली की तिथले चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. मात्र क्षेत्र तारेने हलवले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने, हे वेढ्यांना कळत नाही. दोन्ही आवाज सारख्याच इमानाने ॲम्प्लिफायरकडे जातात.

या घरघरीला स्वतःचा सूर असतो. कुवेतची वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची आहे. तिची दुप्पट, म्हणजे एक सप्तक वरचे १०० हर्ट्झ, गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणाऱ्या ९८ हर्ट्झच्या ‘जी’ स्वराच्या जरा वर बसते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाच, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला भुंगा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध बोलतो आणि कोणत्याच पट्टीत बसत नाही. कुवेतच्या अब्बासियात किंवा मुंबईच्या दादरमध्ये ‘जी’ पट्टीतले गाणे वाजवताना तो निम्मा झाकला जातो. गाणे काळी चारमध्ये नेले की मात्र लगेच उघडा पडतो. गायकाच्या पट्टीचा विचार करून पिकअप बदलायचे की नाही हे ठरवणारा वादक विरळाच, पण हा हिशेब अगदीच वायफळ नाही.

जलीब अल-शुयुखमधला अब्बासिया ही कुवेतमधली भारतीयांची दाट वस्ती. मल्याळी अधिक, पण गोव्याची, मराठी आणि इतर भारतीय कुटुंबेही बरीच. सिंगल-कॉइलचा कस लागावा अशीच इथली घरे असतात. एकाच खोलीत उशाशी एसी, भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर, टेबलावर लॅपटॉपचा अडॅप्टर आणि मोडेम, आणि गिटार घेऊन बसायला ॲम्पपासून जेमतेम हातभर जागा. सर्वांत मोठा अपराधी बहुधा तो ॲम्पच, कारण त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जवळ असतो. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले की ते साधारण अष्टमांशावर येते. मोठ्या हॉलमध्ये वादक दोन पावले मागे सरकला की प्रश्न मिटतो. शेअरिंगच्या खोलीत मागे सरकले की पाठ कपाटाला लागते. घरघर घालवणाऱ्या हमबकिंग पिकअपची गरज रंगमंचापेक्षा अशा खोलीत जास्त असते, हे जाहिरातींत कुठेच लिहिलेले नसते.

असा पिकअप घेण्याआधीची परीक्षा पाच मिनिटांची आणि फुकट आहे. ॲम्प चालू करून गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि काही न वाजवता गिटारसकट स्वतःभोवती हळूहळू फिरावे. घरघर कमी-जास्त होत गेली आणि एका कोनात जवळजवळ मावळली, तर ती चुंबकीय आहे. तिच्यावर हमबकिंग पिकअप हाच इलाज. मग पाच-खटक्यांच्या स्विचचा दुसरा किंवा चौथा खटका लावून पाहावा. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा असेल, जसा अलीकडच्या बहुतेक स्ट्रॅटवर असतो, तर त्या दोन जागी घरघर आपोआप गप्प होते. याउलट आवाज चरचरीत असेल आणि तारांना हात लावताच उतरत असेल, तर तो विद्युत क्षेत्राचा त्रास आहे. त्यावर औषध तांब्याचा चिकट पत्रा किंवा वाहक रंग: पिकगार्डच्या मागे आणि पोकळीत लावून अर्थला जोडायचा. महागडा पिकअप बसवूनही ‘घरघर गेलीच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण या दुसऱ्या रोगाचे रुग्ण असतात.

इथे एक गोष्ट पिकअपच्या आधी तपासावी. कुवेतचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. भारतातून आणलेला गोल पिनांचा ॲम्प अडॅप्टरवर लावला जातो, आणि स्वस्त अडॅप्टरची तिसरी पिन अनेकदा नुसती प्लास्टिकची असते, अर्थिंग शून्य. तारा हाताला झिणझिण्या आणत असतील तर पिकअपचा विषय बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

इतिहास थोडक्यात असा. जॉर्ज बोशॅम्पच्या कल्पनेतून १९३१-३२ च्या सुमारास आलेली रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. गिटारवादक व्हॅन शिप्ले यांच्यामुळे हा प्रकार हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांच्या कानांवर घरोघर पडला. लिओ फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळाले. साधारण त्याच काळात रे बट्स यांनी ग्रेचसाठी तशीच युक्ती स्वतंत्रपणे केली. पुढे गिब्सनने पिकअपवर जो पेटंट क्रमांक छापला तो पिकअपचा नव्हताच, गिटारवादक लेस पॉलच्या नावावरच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या भागाचा, होता! प्रतिस्पर्ध्यांना चकवायला की कारकुनी घोळ, यावर अजून वाद चालतात. १९७० च्या दशकात डिमार्झिओ आणि सीमोर डंकन यांनी सुटे पिकअप विकायला सुरुवात केली आणि गिटार उघडून आतले बदलणे हा छंद झाला.

लव्हरची युक्ती दोनदा उलटण्याची आहे. दुसऱ्या कॉइलचे वेढे उलट दिशेने, चुंबकही उलटा. बाहेरून येणारी घरघर चुंबकाला जुमानत नाही, ती फक्त वेढ्यांमुळे एकदा उलटते आणि पहिल्या कॉइलमधल्या घरघरीला खोडून काढते. तारेचा संकेत वेढ्यांनी एकदा आणि चुंबकाने एकदा, असा दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो आणि बेरीज होते. प्रश्न एवढाच, की ही दुसरी कॉइल स्ट्रॅटच्या अरुंद खाचेत बसवायची कुठे? उत्तरे मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येक उत्तर काहीतरी किंमत मागते.

पहिले उत्तर: एकावर एक. याला स्टॅक म्हणतात. खालची कॉइल तारांपासून दूर असल्याने तिने फक्त घरघर ऐकावी, ही अपेक्षा. पण साध्या स्टॅकमध्ये त्याच चुंबकी दांड्या दोन्ही कॉइलमधून आरपार जातात. खालची कॉइल थोडे तारेचेही ऐकते, आणि चुंबक तोच असल्यामुळे ते ऐकलेले उलटे जोडले जाते, म्हणजे वजा होते. शिवाय तिच्या हजारो वेढ्यांचा रोध आणि प्रेरकत्व वाटेत उभे राहते ते निराळेच. जुन्या स्टॅकचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटे तो यामुळे. सुधारणा झाली ती दोन कॉइलच्या मध्ये पोलादी आडोसा घालून आणि खालच्या कॉइलला वेगळा गाभा देऊन. लोखंडी गाभा असला की कमी वेढ्यांतही तेवढीच घरघर पकडता येते. वेढे कमी म्हणून अडथळाही कमी. ऑस्ट्रेलियाचे ख्रिस किनमन यांनी आणि डिमार्झिओच्या व्हर्च्युअल व्हिंटेज व एरिया मालिकेने या वाटेने जाऊन स्टॅकला सिंगल-कॉइलच्या फार जवळ नेले. पिकअपच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा देखणे काम क्वचितच झाले असेल: बाहेरून पाहावे तर सहा दांड्यांचा साधा स्ट्रॅट पिकअप, आणि आत दोन असमान कॉइलचा इतका नाजूक तोल, की वेढ्यांची संख्या जराशी चुकली तरी घरघर परत यावी. फेंडरचे नॉइजलेस पिकअपही याच घराण्यातले.

तरीही काहीतरी हरवते. चांगल्या सिंगल-कॉइलचे प्रेरकत्व अडीच हेन्रीच्या आसपास असते आणि केबल जोडल्यावर त्याचा आवाज तीन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उसळी घेतो. ‘काच फुटल्यासारखा’ म्हणतात तो स्ट्रॅटचा टणत्कार तिथला. उत्तम स्टॅकमध्ये ही उसळी असते पण थोडी बोथट, आणि नखाने तार छेडल्याचा पहिला क्षण किंचित गोल होतो. बँडमध्ये तबला, कीबोर्ड, दोन गायक असताना हा फरक कोणालाही ऐकू येत नाही. खोलीत एकट्याने, ॲम्प स्वच्छ ठेवून वाजवताना येतो.

दुसरे उत्तर: शेजारी शेजारी. दोन चिंचोळ्या कॉइल आणि दांड्यांच्या जागी दोन सलग पोलादी पट्ट्या. म्हणून यांना रेल म्हणतात. एवढ्याशा जागेत वेढे मावावेत म्हणून वायर आणखी बारीक घेतात. सीमोर डंकनच्या ब्रिजसाठीच्या हॉट रेल्सचा रोध सोळा-सतरा किलोओहम, तर जुन्या स्ट्रॅट पिकअपचा सहाच्या आसपास. दुकानदार हा आकडा ताकदीचे माप म्हणून सांगतात, ते अर्धसत्य आहे. बारीक वायरचा रोध तसाही जास्त, आणि स्टॅकमध्ये तर खालच्या मुक्या कॉइलचाही रोध त्यात मोजला जातो. रेलचे खरे लक्षण म्हणजे वाढलेले प्रेरकत्व: आवाज मोठा, जाड, ओव्हरड्राइव्हला उत्सुक, पण वरचा टणत्कार गेलेला. हा स्ट्रॅटचा आवाज नव्हेच, आणि तसा दावाही करू नये. ज्यांना गिटार तीच ठेवून रॉकचा आवाज हवा आहे त्यांनी ब्रिजला रेल घ्यावा. कूल रेल्ससारखे सौम्य रेल मधला मार्ग धरतात; तो पुष्कळदा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी या थाटाचा निघतो.

तिसरे उत्तर मूळ फेंडरचेच. १९५७ च्या प्रिसिजन बेसवर कॉइल दोन तुकड्यांत विभागलेली होती: अर्ध्या तारा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, दोन्ही परस्परांविरुद्ध. प्रत्येक तारेला एकच कॉइल ऐकते, त्यामुळे वजाबाकीचा प्रश्नच येत नाही. लिंडी फ्रॅलिनचे स्प्लिट ब्लेड गिटारसाठी हीच कल्पना वापरतात. लिओ फेंडरच्या शेवटच्या कंपनीने, जी अँड एलने, झेड आकाराचे पिकअप केले तेही याच वळणाचे. तत्त्व म्हणून हे तिन्हींत सर्वांत प्रामाणिक, आणि तरी सर्वांत कमी खपणारे.

याखेरीज ईएमजीसारखे बॅटरीवर चालणारे सक्रिय पिकअप आहेत. गिटारवादक डेव्हिड गिलमूरच्या लाल स्ट्रॅटवर ते वर्षानुवर्षे होते. घरघर नाहीशी, लांब केबलनेही आवाज मलूल होत नाही, पण व्हॉल्यूम-टोनचे आतले सगळे पॉटही बदलावे लागतात. १९८७ च्या सुमारास आलेले लेस सेन्सर घरघर कमी करतात, मात्र ते खरे हमबकर नव्हेत.

निवड करताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो मिश्रणात. फक्त ब्रिजचा पिकअप बदलून रेल बसवला, की दुसऱ्या खटक्यावर तो रेल आणि मधला सिंगल-कॉइल एकत्र वाजतात. पूर्वी तिथे दोन सिंगल-कॉइल एकमेकांची घरघर खोडत होते. आता रेल स्वतःपुरता गप्प असतो आणि मधल्याची घरघर मोकळी सुटते. पैसे खर्च करून एक शांत जागा गमावली. त्याच जागेचा तो नाकातला, खट्याळ आवाजही बदलतो. उपाय दोन: तिन्ही पिकअप एकाच मालिकेतले घ्यावेत, किंवा चार वायरींचा रेल घेऊन दुसऱ्या खटक्यावर त्याची एक कॉइल बंद पडेल असा स्विच जोडावा. दुसऱ्या उपायात चालू राहिलेली कॉइल मधल्या पिकअपच्या उलट असायलाच हवी.

चार वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. सीमोर डंकनमध्ये काळी वायर स्विचकडे, पांढरी आणि लाल एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल स्विचकडे, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला तर कॉइल उलट्या जुळतात आणि आवाज पातळ, पोकळ येतो. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र वाजताना तसा आवाज आला तर एकाच्या दोन टोकांच्या वायरी अदलाबदल कराव्यात. उघडी वायर मात्र अर्थलाच ठेवावी. व्हॉल्यूमचा पॉट सिंगल-कॉइलला २५० किलोओहमचा असतो. स्टॅकला बहुधा तोच चालतो, रेलला ५०० किलोओहमचा लावला तर हरवलेल्या टणत्कारातला थोडा परत मिळतो.

मापेही पाहावीत. स्टॅक नेहमीच्या पिकअपपेक्षा खोल असतो. पातळ बॉडीच्या स्वस्त गिटारमध्ये तो तळाला टेकतो. रेलला दांड्यांच्या अंतराची चिंता नसते, स्टॅकला असते.

कुवेतपुरती एक खास सूचना उन्हाची. पिकअपचे वेढे हलून शिट्टी वाजू नये म्हणून पुष्कळ पिकअप मेणात बुडवलेले असतात, आणि ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. कुवेतमधल्या मित्रिबा केंद्रावर २१ जुलै २०१६ रोजी सावलीतले तापमान ५३.९ अंश सेल्सियस नोंदले गेले होते. अशा दिवसांत बंद गाडीचा आतला भाग मेणाचा वितळणबिंदू सहज ओलांडतो. कार्यक्रमाच्या हॉलबाहेर गिटार डिकीत ठेवण्यापेक्षा खांद्यावर वागवावी.

बसवल्यानंतर उंची जुळवायची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि दांड्यांच्या स्टॅकला जाड तारेखाली सुमारे तीन, बारीक तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. त्याहून जवळ नेले तर चुंबक तारांना ओढतात आणि वरच्या फ्रेटवरचे स्वर बेसूर डोलू लागतात. रेलची ओढ सहसा कमी असते, म्हणून त्याला आणखी वर घेता येते. आधी ब्रिजचा ठरवावा, मग नेकचा त्याच्या पातळीला येईपर्यंत खाली उतरवावा, आणि मधला शेवटी.