रेकॉर्ड २००३ची, आवाज साठच्या दशकाचा. हे कसं जमतं?

फुटबॉल सामन्यात प्रेक्षक शब्दांशिवाय एक धून गातात, ती तुम्हीही ऐकली असेल. ती आहे अमेरिकेच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या जोडीच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची. त्यांचा 'एलिफंट' हा अल्बम २००३चा. पण बाज जुन्या गॅरेज बँडचा. गॅरेज, सर्फ, पंकमध्ये असा जुना आवाज मुद्दाम आणला जातो. कसा, ते पाहू.

सर्फचा घुमार : फेंडर कंपनीने १९६१मध्ये गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब युनिट आणलं. त्यात चक्क स्प्रिंग असतात. गिटारच्या सिग्नलने त्या थरथरतात, कंपनं टोकांवर आपटून परत येतात आणि सुरामागे प्रतिध्वनी उमटतो.

गॅरेजची खरखर : लिंक रे यांनी 'रंबल'साठी (१९५८) अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली होती. पुढे हा फाटका आवाजच अनेकांना हवासा झाला.

आठच ट्रॅक : 'एलिफंट'चं बहुतांश ध्वनिमुद्रण लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, संगणकाशिवाय, आठ ट्रॅकच्या टेपवर झालं. ट्रॅक संपले की आधीचे एकत्र मिसळून जागा करावी लागते. मिसळलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. त्यामुळे काय ठेवायचं, काय गाळायचं, हे वाजवतानाच ठरवावं लागतं.

आज फोनवरच्या अ‍ॅपमध्येही जुन्या टेपचा फिल्टर मिळतो. त्याने खरखर येईल. तो नेमकेपणा हवा असेल, तर पुढचं गाणं आठच ट्रॅकमध्ये संपवून बघा.